अंथरुणाची टिपणे

चादरीच्या दुकानात "प्युअर कॉटन आहे ना?" असे विचारू नये. उत्तर ठरलेले असते: "कॉटनच आहे ताई, ग्लेस कॉटन!" हे ग्लेस कॉटन म्हणजे बहुतेक वेळा तलम पॉलिस्टर. हाताला गार, गुळगुळीत, इस्त्री नको, रंग भडक आणि किंमत सुती चादरीच्या निम्मी. 'कॉटन' हा शब्द फक्त नावात. त्याचीच भावंडे म्हणजे मायक्रोफायबर, ब्रश्ड, सॉफ्ट टच. म्हणून प्रश्न उलटा टाकावा: "यात पॉलिस्टर किती टक्के?" आणि पाठोपाठ, "बिलावर शंभर टक्के सुती असे लिहून द्याल का?" बिलाचे नाव काढले की विक्रेता गल्ल्यावरच्या शेठकडे बघतो, आणि गठ्ठ्याच्या खालून दुसरी चादर निघते.

*

पॉलिस्टर वाईट असते असे नाही. पावसाळ्यात पटकन वाळते, पडद्याला चांगले, प्रवासाच्या बॅगेला चांगले. पण अंगाखाली आठ तास घ्यायचे कापड वेगळे. साधारण ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के बाष्प धरून ठेवते. पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. घाम निघतो तो कापडात न मुरता अंगालाच राहतो. मुंबई-ठाण्याच्या मे महिन्यात पहाटे पाठ चिकटून जाग येते, त्याचा दोष पंख्याला देऊन उपयोग नाही.

*

शंका असेल तर धागा जाळून बघावा. दुकानात नव्हे, घरी आणून, परत करायची मुदत संपायच्या आत. शिवणीचा दोरा मात्र घेऊ नये. सुती चादरीची शिवणसुद्धा हल्ली बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याने घालतात, आणि उगीच चांगल्या चादरीवर बालंट येते. दुमडलेल्या काठाच्या आतून कापडाचा एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे काढावेत, कारण काही कापडांत उभा सुती आणि आडवा पॉलिस्टर असतो. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून, एकेक पेटवावा.

सूत लगेच पेट घेते, कागद जळल्यासारखा वास येतो, मागे राखाडी राख राहते आणि ती बोटाने चोळली की उडून जाते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते, काळा धूर सोडते आणि टोकाला कडक मणी धरते. मोहरीपेक्षा बारीक, नखाने फुटत नाही असा. मिश्र धागा पेटतोही आणि राखेत खरखरीत खडेही ठेवतो. ज्याने हा मणी एकदा बोटात धरून पाहिला, त्याला पुढे लेबल वाचायची फारशी गरज उरत नाही. (व्हिस्कोससुद्धा कागदासारखेच जळते. त्याबद्दल पुढे.)

*

आता मापाचा हिशोब. हा कोणी करत नाही आणि मग रोज सकाळी गादी उघडी पडते म्हणून घरात कटकट.

आपल्याकडच्या मोठ्या पलंगाची गादी साधारण ७२ बाय ७८ इंच. जाडी हल्ली आठ इंच तरी असते. रुंदीत ७२, दोन्ही बाजूंच्या जाडीचे १६, आणि खाली खोचायला प्रत्येक बाजूस सहा धरले तर १२: एकूण १००. लांबीत ७८ अधिक १६ अधिक १२: एकूण १०६. दुकानात 'डबल' म्हणून मिळते ती चादर ९० बाय १००. म्हणजे रुंदीच्या बाजूने खोचायला एकेक इंच उरला. एवढ्याने चादर जागेवर राहत नसते. ती चादर चार इंची कापसाच्या गादीच्या काळातली आहे. गाद्या वाढल्या, चादर तिथेच राहिली.

मोठ्या गादीला १०८ बाय १०८ घ्यावी. आणि आटणे विसरू नये. सुती कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटू शकते. चार टक्के धरले तर १०८ चे १०४ च्या खालीच येतात. वरच्या हिशोबात लांबीला १०६ लागत होते. म्हणजे खोचायला सहाऐवजी पाचच इंच. चालते. पण ९० बाय १०० आटली की बोलायलाच नको.

इलॅस्टिकवाली चादर हा यावरचा उपाय म्हणून विकतात. कापड चांगले असले तरी इलॅस्टिक आधी मरते, विशेषतः उन्हात वाळवणाऱ्या घरात. घ्यायचीच तर इलॅस्टिक काठाच्या नेफ्यातून ओवलेले आहे की थेट कापडावर टीप मारून बसवलेले आहे ते बघावे. ओवलेले असेल तर बदलता येते.

*

थ्रेड काउंट. पाकिटावरचा सगळ्यात मोठा आकडा हाच असतो, आणि सगळ्यात कमी कामाचाही.

अर्थ साधा आहे: एका चौरस इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, त्यांची बेरीज. उभे ७६ आणि आडवे ६८ असतील तर १४४. ही स्वस्त चादर. १८० ते २१० ही मधली. ३०० ला तलम सूत लागते, कारण जाड धागे इंचात तेवढे मावतच नाहीत. धाग्याचा तलमपणा मोजायचा आकडा वेगळा, त्याला सुताचा नंबर म्हणतात. ४० नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या ४० लडी, एकूण ३३,६०० यार्ड. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक.

मग ८००, १०००, १२०० कुठून येतात? दोन ते चार बारीक धागे पिळून एक करतात आणि मोजताना तो एक धागा दोन, तीन किंवा चार म्हणून मोजतात. विणलेले असतात २५०, छापतात १०००. अमेरिकेत यावर बराच वाद झाला, आणि २००५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी मत दिले की असे मोजणे ग्राहकाची दिशाभूल करू शकते. आपल्याकडच्या पाकिटांवर ही शिकवणी पोचल्याचे दिसत नाही.

मोजायचेच असेल तर मोबाइलचा कॅमेरा पुरे. कापडावर पट्टी ठेवून पाव इंचाचा फोटो काढावा, मोठा करून धागे मोजावेत, चारने गुणावे. उभे वेगळे, आडवे वेगळे. डोळे फुटतात, पण 'हजार'वाल्या पाकिटाचे काय ते कळते.

माझे मत: रोजच्या वापराला, आपल्या हवेत, १८० ते २५० मधली साध्या विणीची चादर पुरते. त्यावरचे पैसे पाकिटाला जातात.

*

इजिप्शियन कॉटनचेही असेच. इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस खरोखर चांगला असतो; तंतू लांब असला की सूत बारीक आणि मजबूत निघते, गोळे कमी येतात. पण जगात 'इजिप्शियन' म्हणून विकले जाणारे सगळे तिथले नसते. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीने आपल्याच देशातल्या वेलस्पन कंपनीशी व्यवहार तोडला. सुमारे साडेसात लाख चादरी आणि अभ्रे इजिप्शियन म्हणून गेले होते आणि त्यांत दुसराच कापूस निघाला, हे कारण. वेलस्पनचे कारखाने वापी आणि अंजारला. म्हणजे एवढी मोठी दुकानेही दोन वर्षे फसू शकतात. तिथे आपण लेबल वाचून काय शहाणे होणार!

आपल्याकडेही लांब धाग्याचा कापूस आहे. सुविन हे वाण १९७४ साली कोइमतूरला तयार झाले आणि आजही ते जगातल्या उत्तम कापसांत गणले जाते. पिकते थोडे, म्हणून स्वस्तात सुविन मिळाले तर संशय घ्यावा. विदर्भातला बहुतेक कापूस मध्यम ते लांब धाग्याचा, आणि रोजच्या चादरीला तो अगदी योग्य. यवतमाळच्या माणसाने इजिप्तच्या नावाला जास्त पैसे मोजणे मला तरी पटत नाही.

*

वीण दोन प्रकारची लक्षात ठेवली की पुरे.

साधी वीण: एक धागा वर, एक खाली. ब्रँडवाले तिला परकेल म्हणतात आणि दर वाढवतात. हात फिरवला की थोडी कोरडी, कुरकुरीत लागते, हवा खेळते, दर धुण्याला मऊ होते.

सॅटिन वीण: तीन-चार धाग्यांवरून एक उडी. वरून चकचकीत, हाताला जड, मऊ. हॉटेलातल्या पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या चादरी या विणीच्या. दिसायला थाट, पण धागे वर मोकळे तरंगत असतात. पायातल्या जोडव्यात अडकले, मांजराने नखे मारली की निसटतात. गरम होते. आणि कोकणात जुलै महिन्यात ही चादर वाळवून दाखवावी! तिसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो आणि पुन्हा धुवावी लागते.

नागपूर किंवा नाशिकच्या थंडीत सॅटिन बरी वाटते, हे मान्य.

*

खळ. जुन्या कापडवाल्यांना हे सांगावे लागत नाही. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ चढवतात, ते ठीक. पण विणून झाल्यावर विरविरीत कापडाला पुन्हा खळ देऊन, दाबून, त्याला भरीव रूप देणे ही वेगळी कला आहे. अशी चादर दुकानात कडक, जाड, वजनदार लागते. दोन धुण्यांनंतर तिची गाळणी होते.

ओळखायची रीत: कापडाचा कोपरा दोन्ही मुठींत धरून जोरात चोळावा, अगदी कपडे धुताना चोळतो तसा. मग काळ्या ओढणीवर किंवा पर्सवर झटकावा. पांढरी भुकटी पडली तर ठेवून द्यावी. नंतर तीच जागा उजेडासमोर धरावी. चोळलेला भाग बाकीच्या कापडापेक्षा विरळ दिसत असेल, आरपार बारीक भोके चमकत असतील, तर खळ गेली आणि खरे कापड दिसले. चांगल्या चादरीत चोळलेली आणि न चोळलेली जागा जवळजवळ सारखीच दिसते, फक्त सुरकुत्या पडतात. सुरकुत्या पडल्याबद्दल सुती चादरीला नावे ठेवू नयेत.

विक्रेता हे सगळे बघत असतो. एकजण मला म्हणाला, "काकू, तुमचं मिलमध्ये कोणी होतं का?"

*

वजन हा माझा लाडका आकडा, कारण त्याला जाहिरात करता येत नाही. कापडाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम, हे काही पाकिटांवर असते. नसेल तर घरच्या काट्यावर चादर ठेवावी. १०८ बाय १०८ इंच म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. १२० जीएसएमचे कापड असेल तर चादर ९०० ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजे. ९० बाय १०० असेल तर ७०० च्या आसपास. १०८ ची चादर साडेसहाशे ग्रॅम भरली, तर ती पॉलिस्टर तरी आहे किंवा मलमलीची मावसबहीण.

ऑनलाइन मागवणाऱ्यांना हे फार उपयोगी. हात लावता येत नाही, चोळता येत नाही, पण पार्सलचे वजन लिहिलेले असते. खळीने वजन वाढते हे खरे, म्हणून एकदा धुऊन वाळवून पुन्हा तोलावी. वजन फार घटले तर परत करायला आता उशीर झालेला असतो, पण त्या दुकानाचे नाव तरी कळते.

*

स्वस्त आणि चांगले दोन्ही हवे असेल तर तयार चादर घेऊच नये. कापड घ्यावे.

चादरीचे कापड मोठ्या पन्ह्यात, ९० आणि १०८ इंची, तागेवाल्यांकडे मीटरवर मिळते. १०८ पन्ह्याचे तीन मीटर घेतले की लांबीला ११८ इंच येतात. दोन्ही टोकांचे दुमड जाऊन ११४ उरतात, आटून ११० च्या आसपास. बाजूंना कापडाची मूळ किनार असते, तिथे टीप घालायचीही गरज नाही. शिंप्याला दोन सरळ शिवणी मारायच्या. पाकीट नाही, रिबीन नाही, आत पुठ्ठा नाही. मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रोड, रविवार पेठेच्या आसपासची दुकाने. इचलकरंजी किंवा मालेगाव जवळ असेल तर यंत्रमागाच्या कापडाला तोटाच नाही.

त्याहून साधे म्हणजे मांजरपाट. न धुतलेला, किंचित पिवळसर, सरकीचे बारीक काळे ठिपके दिसणारा. आधी रात्रभर पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धुऊन खळ काढावी लागते. पहिल्यांदा अंगाला टोचतो. वर्षभरात जो मऊपणा येतो तो विकत घेता येत नाही. पाहुण्यांसमोर अंथरायला संकोच वाटतो ही अडचण आहे खरी. त्यावर एक पलंगपोस टाकला की झाले.

*

खादी. हाताने कातलेले, हाताने विणलेले. सूत कमी पिळाचे आणि थोडे जाडे-बारीक, त्यामुळे हवा खेळते आणि ओलावा लगेच टिपला जातो. मागाचा पन्हा लहान असल्यामुळे काही चादरींना मधोमध जोड असतो. तो दोष समजू नये, पण पाठीखाली येणार असेल तर शिवण सपाट आहे का, बघावे. २ ऑक्टोबरच्या सुमारास सूट असते तेव्हा घ्यावी. आधीच्या आठवड्यात जाऊन निवडून ठेवली तर बरे, कारण सूट लागली की मोठ्या मापाच्या आधी संपतात.

*

सोलापुरी चादर ही अंथरायची नव्हे, पांघरायची. अंथरली तर तिची जाड वीण अंगाला रुतते. पांघरली तर दख्खनच्या वर्षातले बरेच महिने दुसरे काही लागत नाही. घट्ट पिळाचे जाड सूत, जॅकार्डच्या मागावर काढलेली नक्षी, उलट-सुलट दोन्ही बाजूंनी वापरता येते. धुवायला मात्र जड. बादलीत भिजली की उचलताना कंबर आठवते.

सोलापुरात मिल आली १८७७ साली. पुढे तिलाच लोक जुनी मिल म्हणू लागले. मिलच्या भोंग्यांबरोबर तेलंगणातून आलेला तेलुगूभाषक पद्मशाली विणकर शहरात रुजला, आणि मिल बंद पडल्यावरही त्याच्या घरातला माग चालू राहिला. महाराष्ट्रातून भौगोलिक मानांकन मिळालेल्या अगदी पहिल्या वस्तूंत ही चादर आणि सोलापूरचा टॉवेल. पण मानांकन कागदावर आणि बाजार रस्त्यावर. पानिपतची स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून सोलापूरच्या बाहेर सर्रास विकली जाते. पानिपत हे जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरातून धागा काढणारे मोठे केंद्र आहे. त्या धंद्याबद्दल मला आदरच आहे, पण तो माल त्याच्या स्वतःच्या नावाने विकावा.

खरी ओळखायची कशी? पहिले वजन. दुसरे, वास: पुनर्वापराच्या धाग्याला तेलकट वास येतो. तिसरे, धाग्याचा एक तुकडा उकलून ओढून पाहावा. आखूड तंतूंचे सूत चटकन कापसासारखे सुटून येते. चौथे, किंमत. लग्नाच्या आहेरासाठी घाऊक घेताना जिथे सगळ्यात कमी दर सांगतात तिथे सोलापूरचे नुसते नाव मिळते.

सोलापुरात आता चादरीपेक्षा टॉवेल जास्त निघतात. फ्लीसच्या रंगीत ब्लँकेटने चादरीचे गिऱ्हाईक पळवले. ते फ्लीसही पॉलिस्टरच.

*

'बांबू'च्या चादरी. बांबूच्या लगद्यावर रसायनांची प्रक्रिया करून जो धागा काढतात तो व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन. मऊ असतो, पाणी चांगले पितो, अंगाला गार लागतो. फक्त बांबूचे म्हणून जे गुण सांगतात ते त्या प्रक्रियेत उरत नाहीत. अमेरिकेच्या त्याच फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये काही विक्रेत्यांवर यासाठी कारवाई केली होती. व्हिस्कोस ओले असताना कमजोर होते, म्हणून वॉशिंग मशीनमध्ये पिळून काढणाऱ्या घरात लवकर विरते. सुतीच्या दरात मिळाली तर हरकत नाही. दुप्पट दर देऊ नये.

लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या दांड्यातला धागा. उन्हाळ्याला त्याच्यासारखे काही नाही. पण वस्त्राचा जवस मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडे पिकतो, धागा बाहेरून येतो, आणि चादरीला लागणारे साडेसात चौरस मीटर लिनन हे माझ्यासारखीच्या खिशाबाहेर. एक अभ्रा लिननचा करून पाहावा. गाल रोज तिथेच असतो.

*

रंग. ओला पांढरा हातरुमाल गडद भागावर दहा-बारा वेळा घासावा. रुमाल रंगला तर उशीवर ठेवलेला गालही रंगेल. छापलेला रंग हाताला वेगळा, जरा चिकट किंवा कडक लागत असेल तर तो नुसता वर बसवलेला आहे. तो वाळून, तडे जाऊन निघतो. धाग्यात मुरलेला रंग हाताला लागत नाही आणि कापडाच्या मागेही बराच दिसतो. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो हे घरोघरी सांगतात. रंगारी मीठ वापरतो ते रंगवताना. आधीच कच्चा बसलेला रंग मिठाने पक्का होत नाही. वेगळी धुवावी, पुष्कळ पाण्यात, आणि पहिले दोनदा कशाबरोबर टाकू नये.

सांगानेरी छापा बहुतेक वेळा स्क्रीन प्रिंटचा असतो, ठशाचा नव्हे. ठशाच्या छाप्यात दोन ठशांच्या जोडावर कुठेतरी केसभर चुकते. सगळीकडे एकसारखे सुबक असेल तर ठशाचे पैसे देऊ नयेत.

*

गादी. कापसाची गादी अजून मिळते आणि अजून तीच सगळ्यात दुरुस्त होणारी. दर दोन-तीन वर्षांनी उसवून, कापूस पिंजून, थोडा नवा घालून पुन्हा भरता येते. पूर्वी पिंजारी धनुकली घेऊन दारात यायचा, तातेचा तो टणत्कार गल्लीभर ऐकू जायचा. आता टेम्पोवर मशीन घेऊन येतात. मशीन असो की धनुकली, पिंजताना समोर उभे राहावे. कापसाच्या जागी कापडाच्या चिंध्या पिंजून केलेला करडा कापूस भरला जातो, आणि एकदा गादीपाटाची खोळ शिवून झाली की आत काय आहे ते देवाला ठाऊक. कापूस मुठीत दाबून सोडावा. चांगला हळूहळू फुलतो. चिंध्यांचा तसाच गोळा होऊन राहतो, आणि त्यात रंगीत दोरे दिसतात.

उशीला सावरीचा कापूस. तंतू आतून पोकळ, वरून मेणचट, पाण्यावर तरंगणारे. एके काळी समुद्रावरच्या जीवरक्षक जाकिटांत हाच भरत. डोक्याला गार. धुता येत नाही, उन्हात टाकायचा. चार-पाच वर्षांनी भुगा होतो आणि शिंका सुरू होतात, तेव्हा बदलावा. खोळ घट्ट विणीचीच हवी, नाहीतर सकाळी केसांत सावरी.

*

घोंगडीबद्दल दोनच ओळी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, अंगाला टोचणारी, आणि गारठ्यात, ओलसर जमिनीवर हिच्याइतके काम दुसरे काही करत नाही. तिच्यावर सुती चादर टाकून निजावे.

*

धुण्याबद्दल: सुगंधी सॉफ्टनर घालू नये. तो धाग्यांवर थर धरतो आणि कापड पाणी प्यायचे कमी होते. दम्याचा किंवा धुळीचा त्रास असणाऱ्यांच्या घरी चादर महिन्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवावी. धुळीतले किडे थंड पाण्याने मरत नाहीत. म्हणूनही सुती बरी, ती गरम पाणी सोसते.

*

चादर नेहमी मधोमध विरते, काठ शाबूत राहतात. जुन्या बायका लुगड्याला दांड घालत, तसा चादरीलाही घालता येतो: मधून उभी फाडायची, विरलेला भाग कापायचा, दोन्ही काठ मधे आणून शिवायचे. रुंदी कमी होते, लहान पलंगाला बसते. त्यानंतर दुपटी, त्यानंतर गोधडीचे आतले थर, त्यानंतर फडकी. गोधडी शिवणाऱ्या बायका आता सांगतात की सुती लुगडी मिळतच नाहीत, लोक आणून देतात त्या सगळ्या सिंथेटिक साड्या. सुई त्यातून नीट जात नाही आणि गोधडी घसरते. जुनी सुती चादर त्यांना नेऊन द्यावी. पैसे देऊन घेतील.

पॉलिस्टरच्या चादरीचे फडकेही होत नाही. पाणीच टिपत नाही.

*

चादरीच्या आधी अभ्रे फाटतात. केसांचे तेल, रोजची घासणी, वारंवार धुणे. सेटमध्ये दोनच देतात, आणि तो छापा पुढच्या वर्षी मिळत नाही. मग धडधाकट चादरीवर भलतेच अभ्रे. कापड घेताना म्हणूनच एक मीटर जास्त घ्यावे. १०८ पन्ह्यातून १८ बाय २८ चे दोन अभ्रे आरामात निघतात, आणि शिंपी जोड द्यायला तयार असेल तर तिसराही.